दिवाणखान्यातला समुद्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



'पुण्यात काय नाही?' असं कुणी विचारलं, तर आम्ही पुणेकर बराच वेळ विचार करून 'समुद्र' असं उत्तर देतो, आणि तेही नाइलाजाने. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर वसलेलं आमचं गाव. इथे समुद्र येणार कुठून? तरीही माझ्या कोथरूडच्या घरात, दिवाणखान्याच्या भिंतीला लागून, बरीच वर्षं चार फुटांचा समुद्र नांदतो आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी. हिशेब केला तर २५५ लिटरची. आत दगड-वाळू घातली आणि वर चार बोटं जागा सोडली, की दोनशे लिटर खारं पाणी मावतं.

ही टाकी मी काही वर्षांपूर्वी पार मोडली आणि नव्याने मांडली. ती 'नैसर्गिक' दिसावी एवढीच माझी इच्छा होती. पण त्या खटपटीत 'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थच माझ्यापुरता बदलला. त्याची हकिगत आज सांगणार आहे.

आधी थोडी माहिती. गोड्या पाण्यातले मासे पाळणं आणि समुद्रातले मासे पाळणं यांत, घरात तुळस लावणं आणि घरात आमराई लावणं एवढा फरक आहे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या टाकीला सात किलो मीठ लागतं. हे मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे क्षार ठरावीक प्रमाणात असावे लागतात, आणि तसं मिश्रण तयार मिळतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माशांना चालत नाही, म्हणून गाळून शुद्ध केलेलं पाणी घ्यायचं. उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. सुरुवातीला मी खाऱ्या पाण्याची भर घालत होतो आणि टाकी दिवसेंदिवस खारट का होतेय, या विचाराने डोकं खाजवत होतो!

वीज हा आणखी एक विषय. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. पाणी फिरवणारा पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो. त्यामुळे आमच्याकडे कित्येक वर्षं मेणबत्तीच्या शेजारी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप ठेवलेला असे. वीज गेली की बायको आधी विचारायची, "तुमच्या बाळांचं काय?"

तर अशी ही निगुतीने सांभाळलेली टाकी. आल्या-गेल्याला ती फार आवडायची. मागच्या काचेला निळ्या समुद्राचं चित्र चिकटवलेलं. त्यापुढे, घराच्या कंपाउंडला घालतात तशी, दगडांची एका उंचीची भिंत. भिंतीवर ओळीने मांडलेले पांढरेशुभ्र प्रवाळांचे सांगाडे. एक हरणाच्या शिंगासारखा, एक फुलकोबीसारखा, एक माणसाच्या मेंदूसारखा. वर निळा दिवा. गणपतीत आपण आरास करतो ना, तिची कळा होती त्या टाकीला. सगळं पुढे, सगळं उजेडात, एक इंच जागा मोकळी नाही.

मासे मात्र त्या आराशीत पाहुण्यासारखे वागत. दोन क्लाउन मासे होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा २००३ सालच्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटानंतर घराघरात पोचला. ही जोडी दिवसभर पाणी खेचणाऱ्या नळीच्या मागे कोपऱ्यात बसून असे. एक निळा सर्जनमासा होता, त्याच चित्रपटातल्या डोरीच्या जातीचा. तो या काचेपासून त्या काचेपर्यंत सारखा येरझाऱ्या घाली. पाहुणे म्हणत, "किती उत्साही आहे हो!" मलाही तसंच वाटायचं.

माझे डोळे उघडले ते मालवणात.

दिवाळीनंतर पाणी जरा निवळतं, तेव्हा आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत. हा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. होडीवाल्याने तोंडाला मुखवटा बांधून, श्वासाची नळी देऊन मला पाण्यात उतरवलं. माझ्या मनात माझीच टाकी होती, फक्त फार मोठी. डोकं पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा चक्क निराशा झाली. कुठे निळाई नाही, कुठे शिंगांची झाडं नाहीत. हिरवट, थोडं गढूळ पाणी. तपकिरी, करडे, शेवाळलेले दगड. मध्ये मोकळी वाळू. त्या दगडांवर ठेंगणे, घुमटासारखे गोळे, काही मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार, काही उघड्या द्रोणासारखे पसरट. पोराइट्स, फॅव्हाइट्स, टर्बिनेरिया अशी त्यांची नावं मी नंतर वाचली.

नीट पाहावं म्हणून मी एका गोळ्यावर पाय टेकवायला गेलो, तोच होडीवाला वरून ओरडला, "काकानू, पाय टेकू नकात! ता जिता आसा!"

ते जिवंत आहे! मी पाय वर घेतला आणि तसाच तरंगत राहिलो. आणि मग, हात-पाय न हलवता पाच-दहा मिनिटं गेल्यावर, समोरची जागा हळूहळू वापरात यायला लागली. अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर नावाचे मासे एका खडकाच्या वरच्या बाजूला प्रवाहात तोंड करून उभे होते. वाहत येणारं खाणं टिपत होते. फुलपाखरू माशांची एक जोडी या दगडापासून त्या दगडापर्यंत रोजच्या फेरीला निघाल्यासारखी जात होती. एका कपारीत एक मासा शिरला आणि दुसऱ्याच तोंडातून बाहेर आला. मोकळ्या वाळूला अर्थ होता, सावलीला अर्थ होता, वाहत्या पाण्याच्या दिशेला अर्थ होता. माझ्या टाकीत यातलं काहीच नव्हतं. तिथे पाहण्याच्या वस्तू होत्या. राहायला जागा नव्हती.

पुण्याला परत आल्यावर मी प्रवाळांविषयी वाचायला बसलो. आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी आठवते, त्यामुळे ते खनिज आहे असाच पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे ते बोटाच्या पेराएवढे असे असंख्य जीव एकत्र राहतात आणि आपल्याखाली चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि बराचसा वाटा प्रवाळाला देतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त काळ तापलं, की ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि ते लांबलं तर उपासमारीने मरतं. मी हौसेने मांडलेला पांढराशुभ्र रंग म्हणजे प्रवाळाच्या मरणाचा रंग होता.

घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. माझ्या टाकीतला मेंदूसारखा तुकडा मोठ्या नारळाएवढा होता. तो तेवढा व्हायला दहा वर्षं तरी लागली असतील. जगातल्या समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर प्रवाळखडक आहेत, पण समुद्रातल्या सुमारे पाव जीवजाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आधाराने राहतात. आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की प्रवाळ पांढरे पडण्याची जगव्यापी लाट चौथ्यांदा आली आहे. आपलं मालवणही यातून सुटलेलं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथलेही प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी केल्या आहेत.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठलोच. २००१ साली केंद्र सरकारने खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे जीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, तरी प्रवाळ पहिल्या अनुसूचीतच राहिले. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. आणि हे संरक्षण जिवंत प्रवाळापुरतं नाही, सांगाड्यालाही आहे. म्हणजे माझ्या दिवाणखान्यात, कायद्याच्या दृष्टीने, वाघाचं कातडंच टांगलेलं होतं म्हणा ना!

तुकडे मी विकत घेतले होते. विकणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. चार दिवस झोप नीट लागली नाही. बायको म्हणाली, "गच्चीवरच्या पेटीत टाका आणि विसरून जा." पण तेही पटेना. शेवटी सगळे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, वनखात्याच्या कार्यालयात गेलो, लेखी अर्ज दिला आणि ते जमा करून आलो. परत आलो तेव्हा टाकी बोडकी दिसत होती. आता पुढे काय करायचं?

या छंदाचा इतिहास चाळताना कळलं, की ही अडचण माझ्या एकट्याची नाही. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं आणि तो शब्द लोकांच्या तोंडी बसवला. समुद्रकाठच्या डबक्यांतलं जग घरी काचेच्या भांड्यात कसं जगवता येईल, हे त्याने सोप्या भाषेत सांगितलं. इंग्लंडमध्ये या छंदाची लाट आली. लोक टोपल्या घेऊन समुद्रकाठी जाऊ लागले. पुढे १९०७ साली गॉसच्या मुलाने, एडमंडने, वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो, की गोळा करणाऱ्यांनी ती डबकी ओरबाडून रिकामी केली आणि आपल्या पुस्तकांमुळे हे झालं, याचं वडिलांना अतिशय दुःख झालं. निसर्गावरच्या प्रेमातून सुरू झालेल्या छंदाने निसर्गाचीच जागा ओस पाडली. ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

शंभरेक वर्षांनी, १९६१ साली, जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एक वेगळी पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पाणी गाळायच्या मोठ्या यंत्रांऐवजी त्यांनी समुद्रातले सच्छिद्र खडक टाकीत ठेवले आणि नुसते हवेचे बुडबुडे सोडले. खडकांच्या छिद्रांत राहणारे जिवाणूच पाणी साफ ठेवत. आजच्या टाक्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. पण तिच्यामुळे समुद्रातून 'जिवंत खडक' उपसून विकण्याचा धंदाही उभा राहिला.

तिसरं नाव जपानच्या ताकाशी अमानो यांचं. ते गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टाक्या मांडत. दगडांची संख्या कमी, त्यांची मांडणी विषम, आणि मोकळी जागा भरपूर. जपानी बागेतल्या शिळांची शिस्त त्यांनी पाण्यात आणली. २०१५ साली ते वारले. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांची ४० मीटर लांबीची टाकी लोकांसाठी खुली झाली होती. त्यांच्या टाक्यांची छायाचित्रं पाहताना मला मालवणची मोकळी वाळू आठवली.

मग मी मनाशी तीन गोष्टी ठरवल्या. समुद्रातून उचललेला एकही दगड किंवा प्रवाळ आत येणार नाही. मासे येतील ते पैदास केंद्रात जन्मलेलेच. आणि मांडणी करताना 'हे कसं दिसेल' याच्या आधी 'इथे मासा काय करील' हा प्रश्न विचारायचा.

दगड घरीच घडवायचे होते. कृती सोपी आहे. एक भाग पांढरं सिमेंट, दोन-तीन भाग शिंपल्यांचा भरडा आणि खडे मीठ. ओल्या वाळूत हवा तसा खड्डा करून त्यात हे मिश्रण थापायचं. घट्ट झालं की पाण्यात टाकायचं. मीठ विरघळतं आणि दगडाला छिद्रं पडतात. जिवाणूंची घरंच ती. शिंपल्यांसाठी मी मासळीबाजारात गेलो.

"मावशी, नुसत्या तिसऱ्यांच्या शिंपल्या मिळतील का?"

मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आतला मास नको? मग खाणार काय, दादा?"

दगड करायचे आहेत म्हटल्यावर त्या शेजारणीकडे बघून हसल्या. पण आठवडाभराने पिशवीभर शिंपल्या बाजूला काढून ठेवल्या होत्या आणि पैसे घेतले नाहीत. त्या धुऊन, उन्हात वाळवून, खलबत्त्यात भरडून घेतल्या. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्याकडे पापडाचा घाट घातला आहे!

इथे माझ्या हातून चूक झाली. ती सांगायलाच हवी, कारण ती एका जिवावर बेतली. ताजं सिमेंट पाण्यात भयंकर अल्कली सोडतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो. नव्या दगडांनी तो कितीतरी वर जातो. म्हणून हे दगड दोन महिने तरी साध्या पाण्यात ठेवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून मुरवावे लागतात. मी दोन आठवड्यांतच उतावीळ झालो. बाहेर तपासलं तर पीएच ठीक वाटला, म्हणून दगड टाकीत मांडले. पण आतून सिमेंट झिरपतच होतं. पीएच वाढला की पाण्यातला थोडासा अमोनियाही जास्त विषारी होतो, हे मला पुस्तकात ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी क्लाउन माशांतली मोठी मासोळी वाळूवर आडवी पडलेली दिसली. उरलेले मासे घाईघाईने बादलीतून एका मित्राच्या टाकीत नेले. त्या दिवशी मी दगडांकडे पाहिलंही नाही.

पुढचे दोन महिने दगड गच्चीवरच्या टबात मुरत राहिले. घाई करण्याचं धैर्य आता उरलं नव्हतं. त्या काळात मांडणी मात्र मनात पक्की होत गेली. ती थोडक्यात सांगतो. कुणाला करून बघायची असेल तर उपयोगी पडेल.

मागचं निळं चित्र खरवडून काढलं आणि मागची काच बाहेरून काळपट रंगवली. दगड ठेवले ते वाळूवर नव्हे, तळावर पातळ जाळी घालून तिच्यावर, आणि वाळू नंतर भोवती ओतली. नाहीतर वाळू उकरणाऱ्या माशाने पाया पोखरला की डोलारा कोसळतो. भिंतीऐवजी दोन बेटं केली, एक मोठं, एक लहान. दोन्ही मध्यापासून बाजूला सरकवलेली. कुठलाही दगड काचेला टेकलेला नाही, चारी बाजूंनी चार बोटं मोकळी, म्हणजे पाणी सगळीकडून फिरतं आणि कोपऱ्यात घाण साचत नाही. उंची टाकीच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त. मोठे दगड पुढे, लहान मागे, त्यामुळे दीड फुटाची रुंदीही खोल वाटते. प्रत्येक कपारीला दोन तोंडं ठेवली, कारण एकाच दाराच्या घरात मासा शिरत नाही. शत्रू दारात उभा राहिला तर तो जाणार कुठून? पंप एका बेटाच्या मागे लपवला. पाणी एका बाजूने येतं, मोठ्या बेटाला वळसा घालतं आणि लहान बेटाच्या मागे शांत होतं. निळा दिवा काढून साधा पांढरा लावला, आणि तोही सगळीकडे सारखा पडू नये अशा बेताने. एका बेटाखाली सावली राहू दिली.

मित्राकडेही घडवलेलेच दगड होते. त्याने त्यातला मुठीएवढा एक मुरलेला दगड मला दिला, दह्याला विरजण देतात तसा. त्यातले जिवाणू नव्या दगडांत पसरायला हवेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी रिकामी. संध्याकाळी मी त्या रिकाम्या टाकीसमोर बसायचो, आणि घरचे माझ्याकडे काळजीने बघायचे.

मासे परत आणायची वेळ आली तेव्हा निळ्या सर्जनमाशाचा प्रश्न उरला. ही जात जवळजवळ फूटभर वाढते आणि समुद्रात दूरवर पोहते. त्याच्या येरझाऱ्या उत्साहाच्या नव्हत्या. पिंजऱ्यातला वाघ घालतो तशा त्या होत्या. त्याला मी आठ फुटी टाकी असलेल्या एका परिचितांकडे दिलं. इथे एक विनंती. नकोसा झालेला मासा नदीत, तळ्यात किंवा समुद्रात सोडू नका. बाहेरून आणलेल्या तिलापिया आणि गप्पी माशांनी आपल्या नद्यांत आधीच बस्तान बसवलं आहे. त्यांत भर नको.

एकटा उरलेला क्लाउन मासा परत आला. त्याच्या जोडीला एक लहान पिल्लू आणलं, पैदास केंद्रातलं. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास यशस्वी केली आहे आणि ते तंत्र लोकांनाही शिकवलं आहे. त्यामुळे समुद्रातून पकडलेलाच मासा घ्यायला हवा, ही सबब आता उरलेली नाही. आणि एक छोटा गोबी आणला. आपल्या खाडीत चिखलावर उड्या मारणारी निवटी असते ना, तिच्याच नात्यातला. बस, तीनच मासे. पूर्वी नऊ होते.

क्लाउन माशांचा एक चमत्कार आहे. ते सगळे जन्मतात नर म्हणून. कळपातला सगळ्यांत मोठा मासा मादी होतो, आणि मादी मेली की तिच्या खालचा नर मादी होतो. माझ्या चुकीने मेली ती मादी होती. उरलेला नर वर्षभरात बघता बघता अंगाने भरला, पिल्लावर दादागिरी करू लागला, आणि 'तो'ची 'ती' झाली. समुद्रात हे मासे समुद्रफुलाच्या झुपक्यात राहतात. इथे समुद्रफूल नाही. पण नळीमागचा कोपरा सोडून दोघांनी मोठ्या बेटाची सावलीकडची कपार निवडली. एक दिवस पाहतो तर दोघं मिळून तिथला दगड तोंडाने घासून घासून स्वच्छ करताहेत. काही दिवसांनी त्या जागेवर नारिंगी अंड्यांचा थर दिसला. नर रात्रंदिवस परांनी त्यांवर पाणी ढवळत होता. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर पिल्लं बाहेर पडली. सकाळी एकही उरलं नव्हतं. ती वाढवायची तर वेगळी टाकी आणि सूक्ष्म जिवंत खाणं तयार ठेवावं लागतं. तशी तयारी माझी नव्हती. पण ज्या दगडाने एकीचा जीव घेतला, त्याच दगडांत पुढे कुणीतरी घर केलं, एवढं समाधान त्या रात्रीने दिलं.

टाकीत नवा रंग मी काहीच आणला नाही. पण सात-आठ महिन्यांनी पांढऱ्या सिमेंटवर जांभळट-गुलाबी ठिपके उमटू लागले. हे चुनखडी शैवाल, मित्राच्या विरजणातून आलेलं. आता दोन्ही बेटं त्याने जवळजवळ झाकली आहेत, आणि हे दगड तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे आहेत, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

पाहुणे मात्र हल्ली टाकीसमोर फार थांबत नाहीत. "पूर्वी जास्त छान होती हो," असं परवाच एक जण म्हणाले, "आता रिकामी-रिकामी वाटते." मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "दहा मिनिटं नुसते बसा." चहा होईपर्यंत ते बसले. पाचव्या मिनिटाला गोबी वाळूतून तोंड बाहेर काढून इकडेतिकडे बघू लागला. क्लाउनची जोडी कपारीतून बाहेर आली, प्रवाहात तोंड करून उभी राहिली. चहा गार झाला तरी पाहुणे काही उठले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी टाकी असेल, गोड्या पाण्याची का असेना, तर माझं एवढंच सांगणं आहे. ती सजवण्याआधी आतली प्रत्येक वस्तू कुठून आली ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ती वस्तू घेऊ नका. आणि कधी मालवणला गेलात, पाण्यात उतरलात, तर पाय टेकू नका. तिथे खाली जे आहे, ते जिवंत आहे.